तुमचा प्रोग्राम आम्ही जावातच का लिहितो?

"भाऊ, आमचा भाचा पुण्याले कंपनीत आहे, तो म्हणते जावा आता जुनी झाली." नागपुरात कळमन्यापासून इतवारीपर्यंत बऱ्याच ग्राहकांनी आम्हाला हे ऐकवले. पैसे तुमचे लागतात, तेव्हा उत्तर नीट द्यायलाच हवे.

जुनी आहे, हे खरे. जेम्स गॉस्लिंग आणि सहकाऱ्यांनी घडवलेली ही प्रोग्राम लिहिण्याची भाषा सन मायक्रोसिस्टम्सने १९९५ साली बाजारात आणली. २०१० पासून ती ओरॅकलकडे आहे. पण ती थांबलेली नाही. २०१८ पासून दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. आम्ही मात्र दर वेळी धावत नाही. वर्षानुवर्षे सुधारणा मिळत राहतील अशी आवृत्ती निवडतो, सध्या २१. (जावास्क्रिप्ट ही वेगळीच भाषा आहे. नावावरून घोटाळा होतो.)

जावाचा प्रोग्राम थेट विंडोजशी बोलत नाही. मध्ये एक दुभाष्या असतो, जावा व्हर्च्युअल मशीन. कॉम्प्युटर बदलला, विंडोज जाऊन लिनक्स आले, तरी तिथला दुभाष्या बसवला की बहुतेक वेळा तीच फाइल चालते. बहुतेक वेळा म्हणतो, कारण फार जुन्या प्रोग्राममधल्या काही सोयी नव्या आवृत्त्यांतून काढल्या आहेत; म्हणून तुमच्याकडे बसवण्याआधी आम्ही सगळे इथे चालवून पाहतो.

जावाचा प्रोग्राम 'ऑब्जेक्ट' नावाच्या वेगवेगळ्या तुकड्यांनी बनतो. ऑब्जेक्ट म्हणजे काय, ते संत्र्याच्या अडतीवरून पाहू. शेतकऱ्याची हिशेबपट्टी हा एक ऑब्जेक्ट. वजन, भाव, हमाली, तोलाई तिच्याजवळ असते आणि हिशेब कसा करायचा तेही तिलाच माहीत असते. खरेदीदाराचे बिल हा दुसरा ऑब्जेक्ट. २०१६ मध्ये फळे-भाजीपाल्याची अडत, म्हणजे अडत्याचे कमिशन, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचे ठरले, तेव्हा पट्टीतून एक ओळ काढली आणि बिलात एक घातली. छपाई, काट्याची नोंद, उधारीची यादी, कशालाही हात लावावा लागला नाही. नियम बदलत राहणार. प्रत्येक वेळी अख्खा प्रोग्राम उसवावा लागू नये, हीच आमची धडपड असते.

पैशांच्या बाबतीत एक चूक आमच्या हातून झाली आहे. सुरुवातीला आम्ही रक्कम 'डबल' या प्रकारात ठेवत होतो. त्यात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३०००००००००००००००४ येते, कारण कॉम्प्युटर आत ० आणि १ या दोनच अंकांत मोजतो आणि असे दशांश त्याला तंतोतंत मांडता येत नाहीत. एका दुकानात महिनाअखेरीस खतावणीत काही पैशांचा फरक निघाला आणि तो मुनीमजींनी पकडला. तेव्हापासून प्रत्येक रुपया आम्ही जावाच्या, दशांश तंतोतंत ठेवणाऱ्या 'बिगडेसिमल'मध्येच ठेवतो.

जावाला मेमरी जास्त लागते, हे आधीच सांगून ठेवतो. दोन जीबीचा जुना कॉम्प्युटर असेल तर आधी रॅम वाढवा. लायसन्सचा खर्च नाही. आम्ही जावाचे ओपनजेडीके हे रूप बसवतो, ते मोफत आहे.

उद्या आमच्याशी जमले नाही, तर? जावा येणारी मुले नागपुरातच भरपूर मिळतात. काम पूर्ण झाले की संपूर्ण सोर्स कोड, म्हणजे आम्ही लिहिलेला मूळ प्रोग्राम, आम्ही पेनड्राइव्हवर देतो. तो बिलबुकांच्या गठ्ठ्यात टाकू नका, तिजोरीत ठेवा.