दाढेखाली कट्कन फुटणारा दाणा

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे ‘आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष’ जाहीर केल्याची बातमी वाचली आणि मला आजीची दाढ आठवली. बी भरून ठेवायच्या दिवसांत ती अंगणातल्या वाळवणातून वालाचा एक दाणा उचलायची आणि चावून बघायची. कट्कन फुटला तर गाडग्यात. नुसता चेपला तर आणखी एक ऊन. आम्हा मुलांना ती तिची सवय वाटायची. ती ओलाव्याची चाचणी होती, हे मला फार उशिरा कळलं.

बी जिवंत असतं आणि साठवणीत हळूहळू मरत असतं. किती हळू, ते मुख्यतः ओलावा आणि तापमान यांवर ठरतं. बियाणंशास्त्रात हॅरिंग्टन यांचा ठोकताळा प्रसिद्ध आहे: दाण्यातला ओलावा १ टक्क्याने उतरवला की बियाण्याचं आयुष्य साधारण दुप्पट होतं, साठवणीचं तापमान ५ अंश सेल्सिअसने उतरवलं तरी दुप्पट. म्हणजे १४ टक्के ओलाव्याचं बी १० टक्क्यांवर आणलं, तर आयुष्य चार वेळा दुप्पट, १६ पट! नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या जागतिक बियाणे कोठारात उणे १८ अंश तापमान राखतात. गावात ते शक्य नाही, पण वैशाखाचं ऊन आहे.

पाणी काढल्यावर बी मरत का नाही? इथे मला चिक्की आठवते. ताजी चिक्की कडक असते, कारण तिच्यातल्या साखरेची काच झालेली असते. काच म्हणजे रेणू अस्ताव्यस्तच, पण जागच्या जागी थिजलेले. पावसाळ्यात बरणी उघडी राहिली की हीच चिक्की हवेतलं पाणी शोषून चिकट होते. वाळणाऱ्या बियाच्या पेशीतही असंच घडतं. सुक्रोज, रॅफिनोजसारख्या शर्करा आणि ‘एलईए’ नावाची प्रथिनं पाण्याची जागा घेतात, पेशीपटलांना आधार देतात आणि पेशीरसाची काच होते. रेणूंना हलता येत नाही, म्हणून पेशी नासवणाऱ्या रासायनिक क्रिया जवळजवळ ठप्प होतात. काच ज्या तापमानाला मऊ पडते, त्याला काचसंक्रमण तापमान म्हणतात. पेशीत शिरलेलं पाणी हे तापमान खाली ओढतं. दमट बी वैशाखातल्या खोलीत ‘काच’ राहूच शकत नाही. रेणू सुटतात, पेशीपटलं खराब होतात आणि उगवण बुडते. पाण्याने दाण्याला आलेला मऊपणाच आजीच्या दाढेला कळायचा. ऊन दिलेला दाणा निवल्यावरच ती भरायची, तेही बरोबरच: गरम बी कोंडलं तर आत ओलावा फिरतो आणि थंड कडेला पाणी सुटतं.

मग बियात मिसळायची राख. कडधान्यातला भुंगा पाणी पीत नाही. दाण्यातून आणि स्वतःच्या चयापचयातून मिळेल तेवढ्यावर जगतो. देह एवढासा, त्यामुळे आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग मोठा; अंगावरचा मेणाचा पातळ थर नसेल तर तो सुकून जाईल. चाळलेल्या कोरड्या राखेचे कण तो थर खरवडतात, शोषतात. शिवाय दाण्यांमधल्या फटी राखेने भरल्या की भुंग्याला फिरायला आणि अंडी घालायला जागाच उरत नाही.

हे ज्ञान अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावापलीकडे नेलं. शाळेत न गेलेल्या या आदिवासी शेतकरी बाईंनी वाल, घेवडा, भात, भाज्या यांची गावरान बियाणी जमवून बियाणे बँक उभी केली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. पहिल्या पावसाला घरचं बी हाताशी असलं की त्यासाठी कर्ज काढावं लागत नाही, आणि परसातल्या वेलावरचा घेवडा थेट पोरांच्या ताटात जातो.

गावरान बियाण्याचं खरं मोल सांगायला खोट्याची गरज नाही. संकरित बी ‘विषारी’ आणि ‘वांझ’ असतं, असे संदेश मोबाइलवर फिरतात, ते साफ चूक आहेत. संकरित बी उगवतं. फक्त पुढच्या पिढीत मेंडेलच्या आनुवंशिकतेच्या नियमाने गुण विखुरतात, म्हणून शेत एकसारखं येत नाही. गावरान घेवड्यातलं बी धरलं तर आईसारखीच लेक मिळते, कारण तो बहुतांशी स्वपरागित, म्हणजे आपल्याच फुलातल्या परागाने फळणारा, असतो. गावरान धान्याने मधुमेह बरा होतो, हाही दावा निराधार आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०११ मध्ये हिशोब मांडला होता: बाईला पुरुषाइतकीच साधनं मिळाली तर तिच्या शेतातलं उत्पादन २० ते ३० टक्क्यांनी वाढेल आणि जगातले १० ते १५ कोटी लोक उपासमारीतून बाहेर येतील. २००१ च्या वाणसंरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला आहे. पण २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या वहिती खात्यांपैकी जेमतेम १४ टक्के बायकांची होती. पीककर्ज मागायला गेलं की बँक आधी सातबारा मागते, आणि बी राखणाऱ्या बहुतेक बायांचं नाव त्यावर नसतं.