सत्ता आणि अधिकारी : ख्रिस्ती विश्वासातील दृश्य व अदृश्य सत्तांची पार्श्वभूमी

बायबलच्या नव्या करारातील प्रेषित पौलाच्या नावे असलेल्या पत्रांत सत्ता, अधिकारी, अधिपती ही नावे दोन निरनिराळ्या संदर्भांत येतात. रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायात ती कर घेणाऱ्या आणि तलवार बाळगणाऱ्या राज्यकर्त्यांना उद्देशून आहेत, आणि प्रत्येकाने त्यांच्या अधीन असावे असे तेथे सांगितले आहे. इफिसकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात मात्र विश्वासणाऱ्यांचे झगडणे माणसांशी नसून सत्तांशी, अधिकाऱ्यांशी आणि आकाशातल्या दुरात्म्यांशी आहे असे म्हटले आहे. सत्तेविषयीच्या ख्रिस्ती विचाराचा इतिहास पाहिला, तर यांपैकी कोणते वचन कोणी, केव्हा आणि कोणाच्या सोयीसाठी पुढे केले यावरच तो बराचसा घडलेला दिसतो. दोन्ही वचने एकत्र धरून वाचण्याची तयारी फार थोड्या काळांत दिसली, आणि तीही बहुधा संकट दाराशी आल्यावर.

या विचाराची मुळे इस्राएलाच्या शास्त्रलेखांत आहेत. ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या बत्तिसाव्या अध्यायात परात्पराने राष्ट्रांच्या सीमा ठरवल्याचे वर्णन आहे. रूढ हिब्रू संहितेत त्या इस्राएलाच्या संततीच्या संख्येप्रमाणे ठरवल्याचे म्हटले आहे, तर मृत समुद्राजवळ सापडलेल्या एका हस्तलिखितात ‘देवपुत्रांच्या’ आणि प्राचीन ग्रीक भाषांतरात ‘देवदूतांच्या’ संख्येप्रमाणे असा पाठ आहे. प्रत्येक राष्ट्रावर एक स्वर्गीय अधिकारी नेमलेला आहे ही धारणा या पाठांमागे दिसते. दानीएलाच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात ती उघडपणे येते: पारसाचा अधिपती देवदूताला एकवीस दिवस अडवून धरतो, प्रमुख देवदूत मीखाएल त्याच्या मदतीला येतो, आणि पुढे ग्रीसचा अधिपती येणार असल्याची सूचना मिळते. पृथ्वीवरील साम्राज्यांच्या चढउताराला आकाशातील एक बाजू आहे, असा याचा अर्थ. ब्याऐंशीव्या स्तोत्रात देव या ‘देवांच्या’ सभेत उभा राहून त्यांच्यावरच खटला चालवतो. त्यांनी दुबळ्यांचा आणि अनाथांचा न्याय केला नाही, हा त्यांच्यावरचा आरोप आहे. अदृश्य सत्तांचे मोजमाप येथे त्यांच्या तेजावरून नव्हे, तर त्यांच्या अमलाखालील गरिबांच्या स्थितीवरून होते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

पहिल्या शतकातील ख्रिस्ती लेखकांना हा वारसा आयता मिळाला. कलस्सैकरांस पत्रानुसार दृश्य आणि अदृश्य, सिंहासने असोत की अधिपत्ये, सर्व काही ख्रिस्ताच्या द्वारे आणि त्याच्यासाठी निर्माण झाले आहे. पण पुढच्याच अध्यायात त्याच सत्तांना नि:शस्त्र करून वधस्तंभाच्या द्वारे त्यांचे उघड प्रदर्शन केल्याचे सांगितले आहे. म्हणजे सत्ता मुळात निर्मितीचा भाग आहेत, त्या बिघडल्या आहेत आणि आता त्यांच्यावर मर्यादा पडली आहे. वधस्तंभाचा निर्णय तर पिलात नावाच्या रोमी अधिकाऱ्याने दिला होता. योहानाच्या शुभवर्तमानात येशू त्याला सांगतो की, वरून दिलेला नसता तर त्याला कोणताच अधिकार चालवता आला नसता. या उत्तरात पिलाताच्या अधिकाराला मान्यता आहे आणि तो अधिकार उसना असल्याची जाणीवही आहे.

काळाचा फरकही येथे पाहावा लागतो. रोमकरांस पत्र साधारणपणे इ. स. ५७ च्या सुमाराचे मानले जाते. नीरो तेव्हा गादीवर होता, पण ६४ सालच्या आगीनंतर रोममधील ख्रिस्ती लोकांवर त्याने केलेले अत्याचार अजून घडायचे होते. प्रकटीकरण हे नव्या करारातील शेवटचे पुस्तक बहुतेक अभ्यासक शतकाच्या अखेरीस ठेवतात, आणि त्याच्या तेराव्या अध्यायात राज्यसत्ता समुद्रातून वर येणाऱ्या श्वापदाच्या रूपात दिसते, ज्याला अजगराने आपले आसन आणि अधिकार दिला आहे. दोन पुस्तकांतले दोन तेरावे अध्याय, एकात देवाचा सेवक आणि दुसऱ्यात श्वापद, आणि दोन्हींसमोर राज्य मात्र रोमचेच.

दुसऱ्या शतकात हा प्रश्न न्यायासनासमोर उभा राहिला. इ. स. ११२ च्या सुमारास बिथुनियाचा प्रांताधिकारी प्लिनी याने सम्राट त्राजानाला कळवले की, आरोपींकडून तो सम्राटाच्या पुतळ्यापुढे धूप आणि द्राक्षारस अर्पण करवून घेतो. स्मुर्णा येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प याने सम्राटाच्या दैवाची शपथ घेण्यास नकार दिला. मात्र त्याच्या हौतात्म्याच्या वृत्तांतानुसार त्याच चौकशीत त्याने प्रांताधिकाऱ्याला सांगितले, की देवाने नेमलेल्या सत्तांना आणि अधिकाऱ्यांना, आमच्या विश्वासाला बाध येणार नाही इतपत, योग्य तो मान देण्याची आम्हांला शिकवण आहे. पुढील सगळ्या वादाचा गाभा त्या एका अटीत सामावला आहे, असे म्हणता येईल.

इ. स. १८० च्या सुमारास लिओंचा बिशप इरेनियस याच्यासमोर वेगळाच प्रश्न होता. रोमकरांस पत्रातील अधिकारी म्हणजे देवदूत किंवा अदृश्य अधिपती होत, असा अर्थ काही जण लावत होते. इरेनियसने त्यांना साधे उत्तर दिले: त्याच उताऱ्यात कर देण्याची आज्ञा आहे, आणि कर माणसांना दिला जातो. सर्व राज्ये आपल्या हाती दिलेली आहेत हा सैतानाचा लूकच्या शुभवर्तमानातील दावाही त्याने खोटा ठरवला. राज्यसत्ता ही पतित माणसांना परस्परांना गिळण्यापासून आवरण्यासाठी देवाने नेमलेली व्यवस्था आहे, असे त्याचे मत होते. हा निवाडा समंजस होता, पण त्यामुळे दृश्य आणि अदृश्य यांच्यात एक रेघ ओढली गेली, आणि पुढच्या शतकांत ती जाड होत गेली.

चौथ्या शतकात परिस्थितीच उलटली. ३१३ मध्ये रोमी सम्राट कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस यांनी ख्रिस्ती उपासनेला मोकळीक दिली. ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसने निकिया येथील बिशपांच्या परिषदेत ठरलेली श्रद्धा प्रजेसाठी अधिकृत ठरवली. कैसरियाचा बिशप युसेबियस याने कॉन्स्टंटाइनचे राज्य हे स्वर्गीय राज्याचे प्रतिबिंब म्हणून गौरवले, आणि श्वापदाची आठवण दरबारात मागे पडली. तरीही ३९० मध्ये थेस्सलनीका येथील कत्तलीनंतर मिलानचा बिशप अँब्रोझ याने थिओडोसियसला जाहीर पश्चात्ताप करायला लावला. ४१० मधील रोमच्या लुटीनंतर ऑगस्टीनने ४१३ ते ४२६ या काळात जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यात देवाचे नगर आणि पृथ्वीवरील नगर या जगात एकमेकांत मिसळलेली आहेत असे मांडले. न्याय काढून घेतला तर राज्ये म्हणजे लुटारूंच्या मोठ्या टोळ्या नाहीत तर काय, हा त्याचा प्रश्न त्या काळातील दरबारी स्तुतीच्या पार्श्वभूमीवर विशेष धारदार वाटतो.

इ. स. ५०० च्या आसपास दोन वेगळ्या लेखनांनी विभागणी पक्की केली. ४९४ मध्ये पोप गलेशियस याने सम्राट अनास्तासियसला लिहिले की, जगाचा कारभार बिशपांचा पवित्र अधिकार आणि राजांची सत्ता अशा दोहोंनी चालतो. त्याच सुमारास डायोनिसियस या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका लेखकाने स्वर्गीय सेवकांच्या नऊ श्रेणी लावल्या, आणि पौलाच्या पत्रांतील सत्ता व अधिकार हे त्या शिडीवरील देवदूतांचे तेजस्वी गण झाले. त्यांच्याशी झगडण्याचे कारणच उरले नाही. पुढे मध्ययुगातील वाद मुख्यतः पोप आणि सम्राट यांच्यात अधिकार कोणाचा वरचा एवढ्यावर आला: १०७७ च्या हिवाळ्यात कॅनोसाच्या किल्ल्याबाहेर जर्मन राजा चौथा हेन्री पोपची क्षमा मागत उभा राहिला, ११२२ मध्ये वर्म्स येथे दोघांत तडजोड झाली, आणि १३०२ मध्ये पोप आठव्या बोनिफेसने आध्यात्मिक आणि ऐहिक सत्तेच्या दोन्ही तलवारी चर्चच्या अधिकारात असल्याचे जाहीर केले. राजेपदाचा उगम सैतानाच्या चिथावणीने झालेल्या गर्वात आणि लुटीत आहे, असे पोप सातव्या ग्रेगरीने १०८१ मधील पत्रात लिहिले होते, परंतु ती कसोटी त्याने स्वतःच्या आसनाला लावली नाही.

धर्मसुधारणेच्या काळात रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय पुन्हा पुढे आला. १५२३ मध्ये जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने ऐहिक सत्तेचा अंमल देहावर आणि मालमत्तेवर चालतो, आत्म्यावर नाही, असे प्रतिपादन केले. दोन वर्षांनी शेतकऱ्यांच्या उठावाविरुद्ध त्याने त्याच अध्यायाचा आधार घेतला. १५२७ च्या श्लाइटहाइम कबुलीत अॅनाबॅप्टिस्टांनी, म्हणजे फक्त प्रौढांचाच बाप्तिस्मा मानणाऱ्या पंथाने, तलवार देवाने नेमलेली असली तरी ती ख्रिस्ताच्या परिपूर्णतेबाहेरची आहे असे म्हटले, तर १५५० मध्ये माग्देबुर्ग या जर्मन शहरातील पाळकांनी जुलमी वरिष्ठाला अडवणे हे कनिष्ठ अधिकाऱ्यांचे कर्तव्य ठरवले. एकाच अध्यायाच्या आधारे दडपशाही, अलिप्तता आणि प्रतिकार या तिन्ही वाटा निघाल्या.

अदृश्य सत्तांकडे विद्वानांचे लक्ष पुन्हा वळले ते जर्मनीत नाझी राजवट आल्यावर. मे १९३४ च्या बार्मेन जाहीरनाम्याने, म्हणजे नाझी हस्तक्षेपाला विरोध करणाऱ्या चर्चच्या निवेदनाने, ज्याचा मसुदा मुख्यतः धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थचा होता, राज्याचा मानवी जीवनाची एकमेव आणि सर्वंकष व्यवस्था होण्याचा दावा नाकारला. मात्र न्याय आणि शांती राखण्याचे देवाने नेमलेले काम राज्याकडेच असल्याचेही मान्य केले. नव्या कराराचा अभ्यासक ऑस्कर कुलमान याने रोमकरांस पत्रातील अधिकाऱ्यांच्या मागे देवदूती सत्ताही अभिप्रेत आहेत असे मांडले, आणि इरेनियसने मिटवलेला वाद पुन्हा उघडला. व्याकरण आणि संदर्भ पाहता इरेनियसची बाजू मला अधिक भक्कम वाटते, पण कुलमानच्या पिढीला तो प्रश्न का पडला हे उमजायला फारसे कष्ट पडत नाहीत. डच धर्मशास्त्रज्ञ हेंड्रिक बेर्कहॉफ याने १९५३ मध्ये या सत्तांचा अर्थ राष्ट्र, परंपरा, कायदा अशा जीवनाला आकार देणाऱ्या रचनांशी जोडला. अमेरिकन अभ्यासक वॉल्टर विंक याने १९८४ पासून, संस्थेचे अंतरंग आणि बाह्यरूप वेगळे करता येत नाही अशी मांडणी केली. १९८५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील ‘कैरोस दस्तऐवज’ या ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञांच्या निवेदनाने वर्णभेदी राजवटीच्या समर्थनासाठी रोमकरांस पत्राचा होणारा वापर ‘राज्याचे धर्मशास्त्र’ म्हणून धिक्कारला, आणि त्यासमोर प्रकटीकरणातील श्वापद ठेवले.

याच्या उलट दिशेने, १९९० च्या दशकात सी. पीटर वॅग्नर आणि इतर करिश्माई (पवित्र आत्म्याच्या अलौकिक दानांवर भर देणाऱ्या) लेखकांनी दानीएलाच्या दहाव्या अध्यायावरून प्रत्येक प्रदेशावर दुरात्मा असतो, त्याचे नाव शोधून प्रार्थनेत त्याला बांधावे, असे शिकवले. या मंडळींना अदृश्य सत्ता व्यक्तिरूप दिसतात, तर विंकच्या अनुयायांना त्या संस्थांच्या आत दिसतात. परिणामी एका गटाच्या प्रार्थनेत कायदे आणि वेतन क्वचितच येतात, आणि दुसऱ्याच्या अहवालांत सैतानाचे नाव. वॅग्नरच्या टीकाकारांचा मुख्य आक्षेप शास्त्रातूनच आहे: दानीएलाने उपवास आणि प्रार्थना केली, अधिपतीला कोणतीही आज्ञा दिली नाही, आणि यहूदाच्या पत्रानुसार प्रत्यक्ष मीखाएलानेही सैतानाला दोषी ठरवण्याचे धाडस न करता, प्रभू तुला धमकावो, एवढेच म्हटले.