टायको ब्राहेची भिंत: एका जुन्या छापचित्रातली वेधशाळा

चित्राच्या मधोमध दाढीवाला, भारी झगा घातलेला एक गृहस्थ बसला आहे. हात उंचावून तो भिंतीतल्या एका लहानशा झरोक्याकडे बोट दाखवतो आहे आणि त्याच्या पायाशी कुत्रा पहुडला आहे. हाच वेध घेत असावा असं वाटतं, पण तो भिंतीवर रंगवलेला आहे. कुत्रा रंगवलेला, आणि मागचे तीन मजलेही रंगवलेलेच: वर यंत्रं, मध्ये ग्रंथालय, तळाशी किमयेच्या भट्ट्या. खरा वेध घेणारा माणूस उजव्या कडेला अर्धामुर्धा दिसतो. त्याचा डोळा पितळी कंसाला, म्हणजे तारा क्षितिजापासून किती अंश उंच आहे ते मोजायच्या पाव वर्तुळाला, लागलेला आहे. हे चित्र पाहायचं तर सुरुवात त्या माणसापासून करावी.

ही सोळाव्या शतकातला डॅनिश खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहे याची उरानिबोर्ग वेधशाळा. डेन्मार्क आणि स्वीडन यांच्यामधल्या सामुद्रधुनीत ह्वेन नावाचं बेट आहे, तिथे १५७६ मध्ये तिची पायाभरणी झाली. दुर्बीण अजून जन्मायची होती. भिंतीवरचा हा कंस १५८२ पासून वापरात होता आणि त्याच्या पोटातली मोकळी जागा १५८७ मध्ये रंगवून घेतली. तेव्हा टायको ४० वर्षांचा होता, तसा उल्लेख चित्रावरच कोरलेला आहे.

भिंत दक्षिणोत्तर, म्हणजे याम्योत्तर वृत्ताच्या (आकाशात उत्तर-दक्षिण दिशांतून आणि थेट डोक्यावरून जाणाऱ्या वर्तुळाच्या) पातळीत. जयपूरचा राजा सवाई जयसिंग याच्या वेधशाळांमधल्या दक्षिणोत्तर भित्तियंत्राचं तत्त्वही हेच. कंसाची त्रिज्या सुमारे १९४ सेंटीमीटर. हिशोब करून पाहा: ९० अंशांचा कंस साधारण ३ मीटर ५ सेंटीमीटर लांब होतो, एका अंशाला ३.४ सेंटीमीटर मिळतात आणि एका कलेला (अंशाच्या साठाव्या भागाला) जेमतेम ०.५६ मिलिमीटर. टायकोला तर १० विकलांपर्यंत (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) वाचायचं होतं, म्हणजे मिलिमीटरचा दहावा भागसुद्धा नाही. इतक्या बारीक रेघा पितळेवर ओढल्या तर एकमेकींत मिसळून जातील. म्हणून त्याने भागांच्या मध्ये तिरप्या ओळींत ठिपके मारले. तिरपी ओळ लांब असते, त्यामुळे तेवढंच अंतर पसरून सुटं सुटं वाचता येतं.

नेम धरायची युक्ती तर फारच सुंदर आहे. झरोक्यात एक आडवा दंडगोल बसवलेला असतो. कंसावर सरकणाऱ्या पट्टीला वर-खाली दोन फटी असतात आणि त्यांच्यातलं अंतर बरोबर दंडगोलाच्या व्यासाएवढं. वरच्या फटीतून तारा दंडगोलाच्या वरच्या कडेला चाटून दिसला पाहिजे, खालच्या फटीतून खालच्या कडेला, आणि दोन्हीकडे सारखाच तेजस्वी. एका बाजूला फिका वाटला तर पट्टी किंचित सरकवायची. एकाच भोकातून पाहताना डोळा जरा हलला की नेम चुकतो. इथे ती चूक उरत नाही.

हे काम एकट्याचं नव्हे. एकाने कंस वाचायचा, दुसऱ्याने घड्याळ पाहून वेळ सांगायची, तिसऱ्याने लिहून घ्यायचं. दुबळा दुवा होता घड्याळ. आकाश एका सेकंदात १५ विकला सरकतं, म्हणजे घड्याळ ४ सेकंद चुकलं की एक कला हातची गेली. आणि लंबकाचं घड्याळ यायला १६५६ साल उजाडायचं होतं. म्हणून या भिंतीची खरी मदार वेळेवर नसून उन्नतांशांवर, म्हणजे क्षितिजापासूनच्या उंचीच्या अंशांवर, होती.

उन्नतांशातही घोळ होताच. ह्वेनवर ऐन हिवाळ्यात भर दुपारचा सूर्य ११ अंशांपर्यंतही चढत नाही आणि तेवढ्या उंचीवर हवेतल्या अपवर्तनामुळे, म्हणजे प्रकाश वाकल्यामुळे, तो सुमारे ५ कला वर उचललेला दिसतो. टायकोने हे ओळखलं, कोष्टकं केली. मात्र सूर्याचं लंबन, म्हणजे पृथ्वीच्या केंद्राऐवजी पृष्ठभागावरून पाहिल्यामुळे त्याच्या जागेत पडणारा फरक, त्याने जुन्या परंपरेतून ३ कला असं घेतलं. ते खरं ९ विकलांच्या आसपास आहे. परिणामी त्याच्या कोष्टकांत सूर्याचं अपवर्तन वेगळं आणि ताऱ्यांचं वेगळं निघालं. हवेला असा भेदभाव येत नाही.

तरीही त्याची मोजणी सुमारे एका कलेच्या आत-बाहेर बसते, आणि नुसत्या डोळ्याची मर्यादाही साधारण तेवढीच. पुढे मंगळाच्या कक्षेच्या गणितात खगोलशास्त्रज्ञ केप्लरला ८ कलांचा फरक सापडला. टायकोच्या वेधांवर विश्वास होता म्हणून त्याने तो फरक झटकून टाकला नाही आणि त्यातूनच लंबवर्तुळाकार कक्षेचा शोध लागला. या कंसाच्या मापात त्या ८ कला म्हणजे अवघे साडेचार मिलिमीटर.

हे चित्र टायकोने १५९८ मध्ये जर्मनीतल्या वांड्सबेकला छापलेल्या यंत्रांच्या ग्रंथात आहे. त्या ग्रंथाच्या थोड्याच प्रती काढल्या होत्या, काही हाताने रंगवून भेट दिल्या. १६०२ मध्ये न्यूरेंबर्गची आवृत्ती आली. १६६२ पासून डच नकाशाकार योहान ब्लाऊच्या मोठ्या नकाशासंग्रहातही ते छापलं गेलं. ब्लाऊचे वडील विलेम टायकोकडे शिकलेले होते. ब्लाऊची प्रत असेल तर पाठीमागच्या मजकुराची भाषा आधी पाहावी, तिच्यावरून आवृत्ती कळते. कागद उजेडासमोर धरला की कागद बनवतानाच्या जाळीच्या समांतर रेघा दिसायला हव्यात, आणि चित्राभोवती छपाईच्या तांब्याच्या पत्र्याचा दाबलेला चौकोन बोटाला जाणवायला हवा. दहापट भिंगाखाली सलग शाईच्या रेषांऐवजी रंगीत ठिपक्यांची जाळी दिसली, तर ती अलीकडची छपाई. हिरवा रंग असेल तिथे कागद उलटून पाहा. तांब्यापासून केलेला हिरवा रंग कागद खातो. मागे तपकिरी डाग उमटतो आणि पुढे तिथेच चीर जाते. असा कागद गुंडाळू नये, उन्हात टांगू नये.

टायको १५९७ मध्ये बेट सोडून गेला आणि १६०१ मध्ये प्रागला वारला. त्यानंतर उरानिबोर्ग पाडलं गेलं, ही भिंतही गेली. तो झरोका, पट्टीच्या फटी, ठिपक्यांच्या तिरप्या ओळी कशा होत्या हे आज टायकोच्या वर्णनावरून आणि या कागदावरूनच कळतं.