परफॉर्मन्स कॅम आणि अंशांचा घोळ

दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तळ्यांवर गाड्या पळवणाऱ्या अनेकांच्या गाडीतला कॅम, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारा फिरता दांडा, मूळचाच, फक्त नव्याने घासलेला असे. १९३२ साली आलेल्या फोर्ड फ्लॅटहेड व्ही-८ इंजिनावर हे प्रयोग फार झाले. लोबचा, म्हणजे कॅमवरच्या उंचवट्याचा, पायाचा गोल भाग घासून लहान केला, की लिफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उचलला जाण्याची उंची, वाढते. मात्र लोब आणि व्हॉल्व्ह यांच्यामधल्या टॅपेटची उंची वाढवून घ्यावी लागते.

घासणाऱ्यागणिक लोबचा आकार वेगळा होता, आणि पुढे कॅटलॉगमध्ये ड्युरेशनचे, म्हणजे व्हॉल्व्ह उघडा असताना क्रँक किती फिरते त्याचे, अंश छापले जाऊ लागले तेव्हा मापंही वेगळी निघाली. व्हॉल्व्ह ‘उघडला’ असं कधी धरायचं? टॅपेट ०.००४ इंच उचलल्यावर, ०.००६ वर, की ०.०२० वर? लोबच्या दोन्ही बाजूंना सावकाश चढ-उताराचे रॅम्प असतात. तिथे टॅपेट केसभर हलेपर्यंत क्रँक बरेच अंश फिरलेली असते. त्यामुळे एकच कॅम एका मापाने २६० अंशांचा, तर दुसऱ्याने २८० चा ठरू शकतो. जाहिरातीत कुठला आकडा उठून दिसतो, हे सांगायला नको.

अमेरिकेत रुळलेला तोडगा ०.०५० इंचाचा: टॅपेट तेवढा उचलल्यापासून परत तेवढाच खाली येईपर्यंतचे अंश. युरोप-जपानात पुष्कळदा १ मिलिमीटर धरतात, ०.०५० इंच म्हणजे १.२७ मिलिमीटर, म्हणजे हे आकडेही थेट जुळत नाहीत. ०.०५० च्या मापात रॅम्प दिसत नाही, ही टीका खरी आहे. आयडलिंग बिघडवणाऱ्या ओव्हरलॅपचा (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा) बराचसा भाग रॅम्पच्याच आसपास असतो. तरी निवड याच आकड्यावर करावी, असं मला ठामपणे वाटतं. जाहिरातीतला आकडा शेजारी ठेवावा. दोघांत अंतर जितकं कमी, तितका लोब चढा आणि स्प्रिंगवर ताण जास्त. बसवतानाही याच मापाचा उपयोग होतो. डिग्री व्हील (अंशांची चकती) आणि डायल गेज (सूक्ष्म हालचाल मोजणारं) लावल्यावर रॅम्पवरचं वाचन डळमळतं, ०.०५० वर टॅपेट वेगात असल्याने ते नेमकं मिळतं.

पुढे एक्झॉस्ट स्वच्छ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वाचवण्यासाठी ऑइलमधलं झीज रोखणारं झिंक-फॉस्फरस घटलं आणि सपाट टॅपेटचे नवे कॅम सुरुवातीला रुळवतानाच झिजण्याच्या तक्रारी वाढल्या. रोलर टॅपेटकडे ओढा वाढण्याचं ते एक कारण. होंडाच्या १९८९ च्या व्हीटेकने एकाच शाफ्टवर दोन स्वभावांचे लोब दिले. आता फेझर हा भाग चालू इंजिनात कॅमचं टायमिंग पुढे-मागे करतो. म्हणून जास्त लिफ्टचा कॅम घालताना पिस्टन-व्हॉल्व्हमधलं अंतर फेझरच्या दोन्ही टोकांना तपासावं लागतं. ते कमी भरलं, तर फेझरला हालचाल आवरणारा लिमिटर लावावा किंवा लहान कॅम घ्यावा.