एनआरआय की ओसीआय? इमारत निधीची पावती फाडण्याआधी

रौप्यमहोत्सवी बॅचचा मेळावा ठरला की कॉलेजच्या नव्या इमारतीचा विषय निघतो, आणि इमारत म्हटली की सगळ्यांना ‘आपले अमेरिकेतले’ आठवतात. ग्रुपवर क्यूआर कोड पडतो, पैसे येऊ लागतात आणि माजी विद्यार्थी संघाचे खजिनदार परदेशातल्या झाडून सगळ्या नावांपुढे एकच शब्द लिहितात: एनआरआय. देणगीच्या वहीत या शब्दाला काही काम नाही. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

एनआरआय म्हणजे परदेशात राहणारा भारताचा नागरिक, हे सगळ्यांना माहीत असतं. ओसीआय म्हणजे मूळचा इथला, पण आज दुसऱ्या देशाचा नागरिक. ‘ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया’ या नावात सिटिझन असलं तरी ते भारताचं नागरिकत्व नव्हे. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही. ओसीआय कार्ड हा भारतात कधीही येण्याचा, राहण्याचा परवाना, आणि सोबत काही सवलती.

गोंधळ होण्याला कारणही आहे. बँकेत दोघांनाही एनआरई, एनआरओ ही परदेशस्थांसाठीची खाती उघडता येतात. प्राप्तिकर खातं दोघांचेही भारतातले दिवस मोजतं. करसवलतीच्या पावतीतही फरक नाही: इथे करपात्र उत्पन्न असेल तर दोघांना उपयोग, आणि २,००० रुपयांवर रोख दिली तर दोघांनाही वजावट नाही. रोजच्या व्यवहारात दोघे सारखेच भासतात, म्हणून देणगीतही सारखेच धरले जातात.

पण परकीय देणगी नोंदणी किंवा परवानगीशिवाय घेऊ न देणारा कायदा, २०१० चा एफसीआरए, देणारा राहतो कुठे हे विचारत नाही. पैसे डॉलरमध्ये आले की रुपयांत, हेही विचारत नाही. देणारा आज कोणत्या देशाचा नागरिक आहे, एवढंच बघतो.

ह्यूस्टनमध्ये वीस वर्षं राहणारा, ग्रीन कार्डवर असलेला, भारतीय पासपोर्टचा माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दहा हजार डॉलर पाठवतो. ती देशी देणगी. ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याची परवानगी, नागरिकत्व नाही. उलट, अमेरिकी पासपोर्ट घेऊन पुण्यात बाणेरला परत येऊन स्थायिक झालेली त्याची वर्गमैत्रीण स्थानिक बँकेतून यूपीआयने पाच हजार रुपये टाकते. ती परकीय देणगी. रुपये, भारतातलं खातं, भारतातला पत्ता, यातलं काहीही तिला देशी करत नाही.

पासपोर्टची प्रत मागवली तरी एक सापळा उरतोच. परदेशी नागरिकत्वाची शपथ घेतली की भारतीय नागरिकत्व कायद्यानेच संपतं, जुना पासपोर्ट परत केलेला असो वा नसो. तो घरी कपाटात पडलेला असतो, मुदतही शिल्लक असते, आणि विचारलं की त्याचीच झेरॉक्स येते. त्यावर ‘राष्ट्रीयत्व: भारतीय’ असं स्पष्ट छापलेलंही असतं. म्हणून प्रतीसोबत ‘आज रोजी मी भारताचा नागरिक आहे’ असं तारखेसह लिहून घ्यावं.

इमारतीच्या देणग्यांत हे जास्त बोचतं, कारण आकडे मोठे आणि वचनं तीन-चार वर्षांच्या हप्त्यांची. पाया खणताना भारतीय असलेला देणगीदार स्लॅब पडेपर्यंत कॅनेडियन झालेला असू शकतो. पहिला हप्ता देशी, तिसरा परकीय. दर हप्त्याला नव्याने विचारा.

आणखी एक. भारतीय पासपोर्टवाल्याने अमेरिकेतल्या करमुक्त संस्थेमार्फत पैसे दिले, किंवा त्याच्या तिथल्या कंपनीने त्याच्या देणगीइतकीच भर घातली, तर तुमच्या दृष्टीने देणारी ती संस्था, ती कंपनी. दोन्ही परकीय. आणि ‘परदेशी विद्यार्थ्यांची फी चालते, मग देणगी का नाही?’ हा युक्तिवाद कृपया बंद करा. फी हा सेवेचा मोबदला आहे आणि कायद्याने ती वेगळी ठेवली आहे.

परकीय ठरलेले पैसे घ्यायचे तर एफसीआरए नोंदणी किंवा पूर्वपरवानगी हवी. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी आणि गेल्या तीन आर्थिक वर्षांत उद्दिष्टांवर किमान १५ लाख खर्च केलेली लागते. इमारतीसाठी म्हणून गेल्या दिवाळीत काढलेला संघ यात बसत नाही. पूर्वपरवानगी ठरावीक देणगीदार, ठरावीक रक्कम आणि ठरावीक कामासाठी मिळते, म्हणून एका मोठ्या देणगीला ती ठीक. शंभर जणांच्या वर्गणीला निरुपयोगी. दोन्ही वाटांनी पैसे आधी उतरतात ते स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच. गावातल्या शाखेत नाही, आणि इतर देणग्यांत मिसळूनही नाही.

२०२० च्या दुरुस्तीपासून परकीय देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळवताही येत नाही. इमारत कॉलेज चालवणाऱ्या संस्थेची आणि नोंदणी माजी विद्यार्थी संघाची असेल, तर संघाने पैसे गोळा करून चेक संस्थेला देणं बंद. नोंदणी तिचीच हवी, जिच्या नावावर इमारत उभी राहणार.

आयआयटी मुंबईच्या १९९८ च्या बॅचने ५७ कोटींचं वचन दिलं, ती बातमी दाखवून ‘मग आपण का नाही?’ असं विचारणारे बरेच. आयआयटी संसदेच्या कायद्याने स्थापन झालेली आहे. कायद्याने स्थापन झालेल्या, पूर्ण सरकारी आणि कॅगकडून (देशाच्या महालेखापरीक्षकांकडून) हिशेब तपासून घ्यावा लागणाऱ्या संस्थांना या कायद्यातून सूट आहे. विद्यापीठ त्या व्याख्येत बसत असेल तर प्रश्न मिटला. पण विद्यापीठाची सूट त्याच्या आवारात खोली घेऊन बसलेल्या, वेगळी नोंदणी असलेल्या माजी विद्यार्थी संघाला लागू होत नाही.

चुकून पैसे आलेच तर खर्च करू नका, आणि गुपचूप परत पाठवून मोकळेही होऊ नका. नियम मोडला तो पैसे खात्यात पडले तेव्हाच. शिक्षा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची किंवा दंडाची आहे, दोन्हीही होऊ शकतात. पहिला फोन एफसीआरएचं काम करणाऱ्या सीएंना.

म्हणूनच उघडा क्यूआर कोड मला मुळीच मान्य नाही. त्यावर येतं नुसतं नाव आणि रक्कम. त्याऐवजी छोटा फॉर्म ठेवा आणि पहिलाच प्रश्न ‘आज आपल्याकडे कोणत्या देशाचा पासपोर्ट आहे?’ असा विचारा. ‘आपण एनआरआय आहात का?’ असा नको, ओसीआयवाले त्याला प्रामाणिकपणे ‘हो’ म्हणतात. भारताखेरीज दुसरं कोणतंही उत्तर आलं तर पैसे भरण्याचं बटण दिसताच कामा नये. तिथे दिल्लीतल्या खात्याचा तपशील दिसावा, आणि तसं खातं नसेल तर ‘सध्या आपली देणगी स्वीकारता येत नाही’ एवढी एक ओळ.