परस्परविरोधी घटस्फोट अर्ज

पती व पत्नी दोघांनीही एकमेकांविरुद्ध घटस्फोटासाठी स्वतंत्रपणे दाखल केलेले अर्ज. 'दोघांनाही सुटका हवी आहे, मग न्यायालय अडवतंय कशाला?' असे नातेवाईक हमखास विचारतात. पण दोन अर्ज म्हणजे परस्परसंमती नव्हे. क्रूरता, परित्याग किंवा जे कारण अर्जात मांडले असेल ते ज्याचे त्याने पुराव्यानिशी सिद्ध करावे लागते. दोघेही त्यात कमी पडले, तर दोन्ही अर्ज फेटाळले जाऊन लग्न कायद्याने टिकून राहते. संसार पूर्ण मोडला आहे, एवढेच कारण हिंदू विवाह अधिनियम, १९५५ मध्ये पुरेसे नाही. त्या कारणावर राज्यघटनेच्या अनुच्छेद १४२ खालच्या (पूर्ण न्याय देण्याच्या) विशेष अधिकारात सर्वोच्च न्यायालय विवाह संपवू शकते, हे २०२३ मध्ये घटनापीठाने स्पष्ट केले. कौटुंबिक न्यायालयाला तो अधिकार नाही.

असे अर्ज कुठे चालवायचे, हे याच अधिनियमात १९७६ च्या दुरुस्तीने आलेले कलम २१अ सांगते. दोन्ही एकाच न्यायालयात असतील तर सुनावणी एकत्र होते. वेगळ्या जिल्ह्यांत किंवा राज्यांत असतील, तर नंतरचा अर्ज पहिल्या न्यायालयाकडे वर्ग होतो. त्यामुळे आधी कोण दाखल करतो, याला नको तितके महत्त्व येते. २००३ पासून पत्नीला स्वतः राहते तिथे अर्ज करता येतो. पण पतीने पुण्यात आधी अर्ज केला असेल, तर तिचा नागपूरचा अर्ज या कलमाने पुण्याला जाऊ शकतो. तिला दाद मागायची वाट मात्र बंद होत नाही. राज्यातल्या राज्यात उच्च न्यायालय आणि राज्याबाहेर सर्वोच्च न्यायालय दिवाणी प्रक्रिया संहितेखाली प्रकरण उलट दिशेनेही हलवू शकते. कलम २१अ त्याच्या आड येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये गुडा विजयालक्ष्मी प्रकरणात ठरवले. पत्नीने पुन्हा एकत्र नांदण्यासाठीचा अर्ज (कलम ९) केला असेल, तर २१अ लागूच होत नाही. कलम २१अ घटस्फोट आणि न्यायिक विभक्तता (लग्न न मोडता कायद्याने वेगळे राहणे) यांपुरतेच आहे.

दुसरा अर्ज टाळायचा असेल, तर जाबदाराला (ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याला) कलम २३अ खाली त्याच प्रकरणात प्रतिदावा, म्हणजे स्वतःची उलट मागणी, करता येतो.

व्यवहारात अशी कित्येक प्रकरणे समुपदेशकापुढे पोटगी, मुलांचा ताबा आणि स्त्रीधन यांवर तडजोड होऊन कलम १३ब च्या संमतीच्या अर्जाने मिटवली जातात. त्यातली अर्जानंतर सहा महिने थांबण्याची मुदत योग्य प्रकरणात माफ होऊ शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये दिला.