परागकणांची ॲलर्जी आणि सफरचंदाचा घास

बर्च या थंड प्रदेशातल्या झाडाच्या परागकणांनी ज्यांना शिंका येतात आणि डोळे चुरचुरतात, त्यांच्यापैकी पुष्कळांना सफरचंद खाल्ल्यावर काही मिनिटांतच ओठ, टाळू आणि घशाला खाज सुटते. तेच सफरचंद शिजवून खाल्ले तर बहुधा काहीच होत नाही. नाकाची तक्रार झाडामुळे, तोंडाची फळामुळे, तेव्हा या दोन वेगळ्या ॲलर्जी असणार असे कोणालाही वाटेल. पण दोन्हींचे मूळ एकच आहे.

ॲलर्जीला कारण होणारा घटक रक्तात असतो, हे दाखवणारा प्रयोग 1921 मध्ये ब्रेस्लाऊ शहरातून प्रसिद्ध झाला. हे शहर आज पोलंडमध्ये आहे. तिथले संशोधक कार्ल प्रॉसनिट्झ यांना गवताच्या परागकणांचा त्रास होता, तर त्यांचे सहकारी हाइन्झ क्युस्टनर यांना माशांचे वावडे होते. तेही फक्त शिजवलेल्या माशांचे. शिजवलेला मासा पोटात गेला की त्यांना खाज, खोकला, शिंका आणि उलट्या सुरू होत. कच्चा मासा मात्र पचे. प्रॉसनिट्झ यांनी क्युस्टनर यांच्या रक्तातले थोडेसे सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा पातळ द्रव), जेमतेम 0.1 मिलिलिटर, स्वतःच्या पोटाच्या त्वचेत टोचून घेतले. दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. थोड्याच वेळात तिथे खाजरी गांध उठली आणि भोवतीची कातडी लालभडक झाली. प्रॉसनिट्झ यांना स्वतःला माशांची ॲलर्जी नव्हती. ती त्या इवल्याशा सीरममधून, त्वचेच्या तेवढ्याच तुकड्यापुरती, त्यांच्याकडे आली होती.

इतक्या थोड्या साधनांत इतके निर्णायक उत्तर देणारे प्रयोग वैद्यकात फार नाहीत. गवताच्या परागकणांची ॲलर्जी अशीच एकाकडून दुसऱ्याकडे नेण्याचा त्यांचा प्रयत्न मात्र फसला. तरी ही चाचणी पुढे कित्येक दशके वापरात राहिली. परक्या सीरममधून काविळीसारखे आजार पसरण्याचा धोका लक्षात आल्यावर ती मागे पडली. रक्तातला तो घटक नेमका कोणता, हे कळायला 1960चे दशक उजाडले. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका या दांपत्याने अमेरिकेत रॅगवीड या तणाच्या परागकणांची ॲलर्जी असलेल्या रुग्णांच्या सीरमवरून, आणि स्वीडनमधल्या संशोधकांनी वेगळ्याच वाटेने, त्याचा शोध लावला. तो घटक म्हणजे आयजीई हे प्रतिपिंड.

आयजीई त्वचेतल्या आणि श्लेष्मल आवरणातल्या मास्ट पेशींना, म्हणजे ॲलर्जीची रसायने साठवणाऱ्या पेशींना, चिकटून बसते. ज्या प्रथिनाविरुद्ध ते तयार झाले, ते प्रथिन पुन्हा समोर आले की पेशी हिस्टामिन हे रसायन सोडतात. मग खाज, सूज, शिंका. आयजीईला फळ कळत नाही आणि झाडही कळत नाही. त्याला कळतो तो प्रथिनाच्या पृष्ठभागाचा आकार. बर्चच्या परागकणांतल्या मुख्य प्रथिनाची जनुकीय रचना 1989 मध्ये व्हिएन्नात हायमो ब्राइटेनेडर आणि सहकाऱ्यांनी उलगडली. हे ‘बेट व्ही 1’ वनस्पतींच्या स्वसंरक्षणाशी संबंधित अशा एका कुळातले निघाले. सफरचंदातले ‘माल डी 1’ त्याच कुळातले आहे आणि दोघांची 60 टक्क्यांहून अधिक अमिनो आम्ले जुळतात. हेझलनट, पीच, सेलरी, गाजर यांच्यातही त्यांचे भाऊबंद सापडतात.

शिजवण्याचे कोडे इथे सुटते. उष्णतेने माल डी 1 ची घडी उलगडते, आकार मोडतो आणि आयजीईला ते ओळखू येत नाही. जठरातही हे प्रथिन लवकर नष्ट होते, म्हणून त्रास बहुतेक वेळा तोंडापुरताच राहतो. पण पीचच्या सालीत भरपूर असलेले ‘प्रू पी 3’ हे वेगळ्या कुळातले प्रथिन उष्णतेला आणि जठरातल्या आम्लाला पुरून उरते. त्याची ॲलर्जी असलेल्याचा श्वास अडकू शकतो, रक्तदाब एकदम उतरू शकतो. अशा वेळी ॲड्रेनलिनचे इंजेक्शन लगेच द्यावे लागते.

म्हणूनच ‘कोणत्या फळाची ॲलर्जी?’ यापेक्षा ‘त्या फळातल्या कोणत्या प्रथिनाची?’ हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. आता रक्तातून हे प्रथिनवार तपासता येते. मात्र तपासणीत आयजीई सापडणे म्हणजे आजार असणे नव्हे. परागकणांमुळे बनलेले आयजीई अनेक खाद्यपदार्थांशी जुळते आणि तरीही माणूस ते बिनत्रास खात असतो. नुसता अहवाल पाहून ताटातला एकेक पदार्थ काढून टाकणे हा रुग्णावर, विशेषतः वाढत्या मुलांवर, अन्याय आहे. शंका असेल तर डॉक्टरांच्या देखरेखीखाली तो पदार्थ थोडा थोडा खाऊन पाहणे हीच खात्रीची चाचणी.

उपचारांच्या बाबतीत सोपे उत्तर असे वाटले होते, की बर्चच्या परागकणांची सवय शरीराला लावली की सफरचंदही चालू लागेल. काहींना त्याचा उपयोग झाला, पण भरवसा देता येईल इतका नाही. 2018 मध्ये व्हिएन्नातल्याच संशोधकांनी प्रयोगशाळेत बनवलेले माल डी 1 रुग्णांना 16 आठवडे जिभेखाली दिले, तेव्हा सफरचंदाचा त्रास लक्षणीय कमी झाला. बेट व्ही 1 देऊन तितका फरक पडला नाही.